मला परत पाठवणारे याकोबबाबा

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी याकोबबाबा देवळाच्या ओट्यावर सुंभ वळत बसत. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ, आणि बाबा तिथले पाळक. आम्हा लुथरन मंडळींची रीत अशी, की रविवारी प्रभूच्या मेजाजवळ भाकर आणि द्राक्षारस घ्यायला यायचं असेल त्यानं शनिवारी पाळकाला भेटून नाव सांगायचं आणि मनाला जे टोचत असेल तेही सांगायचं. लोक सांगत, बाबा मान खाली घालून मांडीवर सुंभ वळत. मिशनच्या नव्या साहेबाला हे बरं दिसेना. बाबा त्याला म्हणाले, "सायेब, माणूस उघडा पडत आसताना त्याच्या तोंडाकडं बघू न्हाई. मी दोरीकडं बघितलं की त्याला बोलता येतंय."

ते चकलांब्याकडचे. निजामाचं राज्य, तहसिलीचा कागद उर्दूत यायचा; तो वाचून घ्यायला गावातली सगळ्या जातीधर्माची माणसं त्यांच्याकडे येत. त्यांचं पागोटं नेहमी एका कानावर कललेलं आणि उपदेश अगदी आखूड. "देवानं फुकट दिलंय, मी कावून लांबवू?" असं म्हणून खाली बसत.

मी तेव्हा मंडळीच्या शाळेत मास्तर होतो. मिशा नुकत्याच फुटलेल्या, आणि धार्मिकपणा मात्र म्हाताऱ्यालाही लाजवील असा. विडी नाही, तमाशा नाही, धर्माची प्रश्नोत्तरी तोंडपाठ. साहेब मला पाळकाच्या शिक्षणाला पाठवणार होता, फक्त बाबांनी हो म्हणायला हवं होतं. माझं सगळं आयुष्य त्या एका 'हो'वर अडलं होतं. म्हणून त्या शनिवारी मी ठेवणीतलं धोतर नेसून ओट्याशी हजर झालो.

माझ्या आधी हलगीवाला भिवा होता. बाप्तिस्मा घेताना त्यानं देवीच्या छबिन्यापुढं वाजवणं सोडलं होतं, पण यंदा पाटलानं दटावलं तसा वाजवून आला होता. त्याचं बोलणं ऐकू नये एवढी सभ्यता माझ्या धार्मिकपणात बसत नव्हती. मी कान देऊन ऐकलं.

"पाटलाला भ्यालो, बाबा. वाजवलं," भिवा रडत म्हणाला. "मला उद्या येऊ देता का?"

"ये. आन पुढल्या साली पाटलाकडं मी येतो संगं. एकट्याला न्हाई म्हनायला भ्या वाटतंय."

देवीपुढं वाजवणाऱ्याला मेजाजवळ घ्यायचं नाही, या मंडळीच्या नियमाची मी घसा खाकरून आठवण करून दिली. बाबांनी ती ऐकलीच नाही.

"तुझं काय बे?" त्यांनी मला विचारलं.

"माझं काही नाही, बाबा," मी म्हणालो, आणि मी काय काय करत नाही ते सगळं सांगितलं. वेळ बराच लागला.

बाबांनी सुंभ खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. "मग उद्या कावून येतूस? भरल्या पोटी पंगतीला बसून काय करणार? ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण रविवारी भिवा मेजापुढं गुडघे टेकून होता आणि मी मागं भिंतीला टेकून. मास्तरानं काहीतरी भानगड केली, हे गावानं ठरवूनच टाकलं. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी तर सुपारीची गोष्टच लांबणीवर टाकली. पाप नसल्याचं एवढं मोठं प्रायश्चित्त बहुधा कुणाला मिळालं नसेल.

पुढच्या खेपेला मी तयारीनं गेलो. गर्व, क्रोध, लोभ, सगळी पापं दहा आज्ञांच्या क्रमात बसवून घडाघडा म्हणून दाखवली. हसता हसता बाबांना ठसका लागला.

"आधी पुण्याचा तोरा, आता पापाचा! आरं, आज्ञा पाळतूस ते लई चांगलं हाय. पाळ. पर ते देवाला भाडं म्हनून नगं देऊ. लेकरू बापाच्या घरात ऱ्हायचं भाडं देतंय का? ते घरचं हाय म्हनून काम करतंय."

मग मात्र माझा तोल गेला. "मला तुमचा राग आलाय, बाबा! भिवाला घेतलंत आणि मला नाही. त्या दिवसापासून मला त्याचं तोंड बघवत नाही. तो मेला तर बरं, असंही मनात आलं."

बाबांनी मान खाली घातली आणि सुंभ वळायला घेतला. "हां," ते म्हणाले. "उद्या ये."

साहेबाला त्यांनी 'हो'ही त्याच आठवड्यात कळवलं. शिकून, पाळक होऊन मी गावी परतलो तोवर बाबा अंथरुणाला खिळले होते. कानही गेले होते. एका दुपारी भेटायला गेलो तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"माझं काय व्हईल रे? तुला पाठीवलं तसं किती जनांना परत पाठीवलं. समदेच माघारी आले न्हाईत. देवाला काय तोंड दाखवू?"

मी घाबरलो. याकोबबाबांना भीती वाटू शकते, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी तोंड त्यांच्या कानाशी नेऊन कृपा म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, ते समजावू लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"शिकवू नगंस बे, ते मला येतंय. मला क्षमा सांग. सोताचं सोताला सांगून भागत न्हाई."

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रभूच्या नावानं क्षमा सांगितली. "आयकू येईना," ते म्हणाले. पुन्हा सांगितली. "आनखी मोठ्यानं." शेवटी मी सगळी लाज सोडून बोंबललो, "बाबा, तुमची सगळी पापं माफ झाली!" शेजारपाजारची माणसं धावत दारात आली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आलं आयकू," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मी आजही उपासनेत क्षमेचे शब्द ओरडूनच सांगतो. नवी माणसं म्हणतात, पाळकाला कमी ऐकू येतं. म्हणू देत. हळू सांगितले तर ते मलाच खरे वाटत नाहीत.