भरदुपारचा ऑपेरा आणि कळंबचा ऊस

ऑपेरा बघायला परदेशी जावं लागतं असं वाटत असेल, तर इंदापूर तालुक्यातल्या कळंबला जाऊन या. मी काही हौसेने गेलो नव्हतो. माझी धाकटी बहीण मृदुला त्यात गाणार होती. घशाच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली, त्यानंतरचा हा तिचा पहिलाच प्रयोग. त्यात शेवटच्या तीन हाका वाद्यांशिवाय, एकटीने लावायच्या. "दादा, समोर बस. तू दिसलास तरच आवाज लागेल," असं तिने फोनवर बजावलं होतं.

पुण्याहून सकाळी निघालो. पाटसपर्यंत सोलापूर रस्ता, तिथून बारामती. तिथे मिसळ खाल्ली. तर्री मागून घ्या, पण बेताने. पिंपळीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या आणि माझी गाडी बैलगाडीच्या चालीने सरकू लागली.

ऑपेरात बोलणं नसतं, सगळं गाणंच, म्हणून गोष्ट आधीच सांगतो. एका मुलीचं लग्न विहिरीशी लावतात. पंचमीला भाऊ तिला माहेरी न्यायला येतो, उसातून तिची हाक ऐकतो, हाकेमागे जातो आणि परत येत नाही. पुढच्या पंचमीला दुसरा भाऊ. प्रयोग उसाच्या रानातच होता, म्हणून बिबट्याच्या भीतीने भर दुपारी ठेवला होता.

पोचलो तेव्हा गाणं सुरू झालं होतं. रानाचे मालक तात्या बांधावर भेटले. पाटाच्या कडेकडेने जा, उसात शिरू नका, म्हणाले. गाणारणीचा भाऊ म्हटल्यावर त्यांच्या बायकोने तिला मूलबाळ आहे का विचारलं. एक मुलगी आहे, म्हणालो.

"मंग तुमी मामा. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, म्हाईत हाय न्हवं?"

मी हसलो. गाणं डावीकडून येत होतं, पाट उजवीकडे वळत होता. उशीर झालेला, म्हणून नको तो शहाणपणा केला आणि सरळ उसात शिरलो.

थोड्याच वेळात गाणं चारही बाजूंनी येऊ लागलं. कोरस मुद्दाम उसात लपवलाय, हे नंतर कळलं. पण मी थांबलो तरी जवळच उसाचं वाळकं पाचट वाजत राहिलं, त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मग सगळं शांत झालं आणि मृदुलाची हाक आली. "दादा…" ओ द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भीती वाटली, खरंच वाटली. दुसरी हाक कापली, फाटायला आली. तिसरी मात्र अशी स्वच्छ लागली की मला रडूच आलं.

टाळ्यांच्या रोखाने बाहेर पडलो. मृदुला धावत आली. "दुसऱ्या हाकेला आवाज गेलाच होता रे. तेवढ्यात तू ओ दिलीस."

"आमी बी ऐकली," तात्या म्हणाले. "लई लांबनं आल्यागत."

पुण्यात आल्यावर उसाच्या पात्याचे ओरखडे दोन दिवस चुरचुरत होते. तुम्ही जरूर जा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पाट सोडू नका.

काल मृदुलाचा फोन होता. पुढचा प्रयोग माळेगावला आहे. या वेळी समोर बसू नकोस, म्हणाली, उसातूनच ओ दे, तशीच.

मी ओ दिलीच नव्हती, हे तिला अजून सांगितलेलं नाही. दोन वर्षांनी तिचा आवाज लागलाय.

देतो, म्हणालो.