टाकी भरली तेव्हा

आमच्या ताईचं गाव डोंगरावरच्या पठारावर आहे. उन्हाळ्यात तिथल्या विहिरी आटतात, म्हणून तिने छपराला पन्हळ लावून पावसाचं पाणी अंगणातल्या टाकीत साठवायला सुरुवात केली. भावजी दोन वर्षं अंथरुणावर आहेत. त्यांचं अंग पुसणं, कपडे धुणं, सगळं त्याच पाण्यावर चालतं.

श्रावणात मी तिला माहेरी धाडायला म्हणून गेले.

"आई रोज तुझं नाव काढते गं. दोन दिवस तरी जाऊन ये. भावजींजवळ मी थांबते."

"आणि सर आली तर? आधी छपराची घाण वाहू द्यायची, मग नळी टाकीत सोडायची. तुला नाही जमायचं."

"आणि टाकी भरल्यावर?"

"मग ती राखायची," ताई हसून म्हणाली.

मला त्या घरात एकदम गुदमरल्यासारखं झालं. पाणी साठवता साठवता आपणच कोंडले गेलोय, हे हिला कळतच नसेल का?

दुपारी जोराची सर आली. टाकी काठोकाठ भरली आणि वरचं पाणी उतारावरून खाली रस्त्याकडे धावत सुटलं. ते दिसेनासं होईपर्यंत ताई भिजत, बघत उभी राहिली.