आबांचा पत्त्यांचा डाव आणि नवी विंडोज

असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. कान्हे स्टेशनजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आमच्या धंद्यात माणूस समोर उभा असला तरी हयातीचा दाखला लागतो... मग मी भुतं कुठून मानणार? तरी जे झालं ते लिहिते. पटलं नाही तर सोडून द्या.

दुकानात एकच कॉम्प्युटर, त्यात विंडोज सेव्हन. माझे वडील, आबा, तळेगावच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर रोज दुपारी जेवून दुकानात यायचे आणि त्यातला पत्त्यांचा गेम खेळायचे. सॉलिटेअर. रोज एकच डाव, आणि बहुतेक रोज हार! गिऱ्हाईक ताटकळलं तरी हलायचे नाहीत. "थांब गं, एवढा जिंकला की उठतो." त्या गेममध्ये किती डाव खेळले, किती जिंकले याची नोंद आपोआप राहते. जिंकलेल्यांपुढे अकरा होते. इतक्या वर्षांत फक्त अकरा.

आबा गेले. दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंडाला कावळा शिवेना. दीड तास उभे होतो. चुलते म्हणाले, "पोरीला अंतर देणार न्हाई." मी म्हणाले, आईला सांभाळीन. कावळे झाडावरून नुसते बघत होते. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तशी आई वैतागून पुढे झाली. "तुमच्या त्या कॉम्प्युटरातल्या पत्त्यांना कुणी हात लावणार न्हाई. जिंकस्तवर खेळा. मग तर झालं?"

कावळा लगेच खाली आला. लोक रडता रडता हसले, मीसुद्धा. योगायोग, दुसरं काय.

पुढे एकदा आठवण आली म्हणून मी तो गेम उघडून नोंद पाहिली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर एक डाव वाढलेला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. दुकानाची किल्ली एकच, ती माझ्याकडे. मी स्वतः खेळत नाही — मला पत्ते येतच नाहीत. मग मी कॉम्प्युटरची वायरच पिशवीत घालून घरी न्यायला लागले. तरी रोज एक डाव वाढायचा. जिंकलेले मात्र अकराच.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. "आता जिंकल्याबिगर उठनार न्हाईत त्ये. जल्माचं हट्टी."

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. बरं वाटायचं. रोज सकाळी आधी आकडा बघायचे, मग झाडू मारायचे. तीन वर्षं असं चाललं.

मग हळूहळू सरकारी साइट त्या जुन्या विंडोजवर उघडेनाशा झाल्या. गिऱ्हाईक दुसरीकडे जायला लागलं. एक दिवस आंदर मावळातली एक मावशी अर्ध्या वाटेपर्यंत चालत आणि पुढे जीपने आली. पोरीच्या स्कॉलरशिपची शेवटची तारीख होती. फॉर्म शेवटपर्यंत गेला आणि अडकला. तीनदा केला, तीनदा अडकला. "आता पुन्यांदा कवा येऊ गं बाय?" तिला काय सांगणार होते मी? माझ्या बापाचा डाव चालू आहे म्हणून?

त्या शनिवारी लोणावळ्याहून सलीमभाईंना बोलावलं. आमचे कॉम्प्युटर तेच दुरुस्त करतात. ते म्हणाले, "ताई, हा जुना झालाय. नवी विंडोज याच्यावर रडतखडत चालेल. त्यापेक्षा नवा घ्या." नवा घ्यायची ऐपत नव्हती. "मग हाच पुसून करावा लागेल." मी पत्त्यांचं विचारलं. "पत्ते परत घालून देतो की! नोंद मात्र शून्यापासून." सोमवारी सकाळी यायचं ठरलं. हे सगळं बोलणं कॉम्प्युटरसमोरच झालं.

रविवारी आईला विचारलं. "शबुद मी दिलाय, तू न्हाई. तुजं तू बघ." तिने सरळ नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी लवकर जाऊन वायर लावली आणि शेवटचा म्हणून आकडा पाहिला. शनिवारपासून दोन डाव वाढायला हवे होते. एकशे सोळा वाढले होते.

जिंकलेले — अकरा.

तिथेच बसून मी एक डाव लावला, म्हटलं आपण तरी त्यांच्या वतीने जिंकावं. अर्ध्यात अडकले. कुठला पत्ता कुठे ठेवायचा तेच कळेना. तोवर सलीमभाई दारात आले, त्यांच्यामागे फॉर्मवाली चार माणसं. "करू ना सुरू, ताई?"

"करा," मी म्हणाले.

आता फॉर्म भरले जातात, तेही रडतखडत. गेलेलं गिऱ्हाईक काही परत आलं नाही. सलीमभाईंनी पत्ते परत घालून दिलेत. मी रोज सकाळी नोंद बघते... शून्य. आई त्या दिवसापासून दुकानात आलेली नाही, आणि काय झालं ते तिने विचारलेलंही नाही.

सलीमभाई म्हणतात, जुन्या फायली बिघडल्या की आकडे वेडेवाकडे दिसतात. असेल. मग तीन वर्षं रोज एकच कसा वाढला? ते एकशे सोळा डाव आबा कसे खेळले, मला माहीत नाही. का खेळले, ते त्या सकाळी मला कळलं होतं. तरी मी "करा" म्हणाले.