लाइन कटली

नववीच्या वर्गाला एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवताना मी वीस वर्षं 'लाइन' हाच शब्द घेत आले. त्यासाठी मुलांना शब्दकोश उघडावा लागत नसे. वऱ्हाडात लाइन म्हणजे आधी वीज. रेशनच्या दुकानापुढे लागते तीही लाइन, वहीत आखतात तीही लाइन, मुलीच्या मागे सायकल हाणत गेलं की ते लाइन मारणं, आणि होणारा जावई काय काम करतो हे विचारायचं तर 'पोरगा कोन्या लाइनले हाये?' पुण्याची माझी जाऊ आमच्याकडे आली आणि कोणी 'लाइन गेली' म्हटलं, की 'कुठे गेली?' म्हणून हसायची. लाइट गेले म्हणावं, असं तिचं म्हणणं. मी तिला ऐकवायचे, तुमच्याकडे नुसते दिवे जातात, आमच्याकडे सगळंच जातं. या उत्तराची मला फार ऐट होती. आता हा शब्द मी फळ्यावर लिहीत नाही.

माझा धाकटा भाऊ लाइनमन होता. लोक त्याला लाइनमन म्हणायचे, कागदावर तो कंत्राटदाराचा माणूस. आमचं माहेर चांदूर बाजारचं, मला पातूरला दिलेली. त्याला इकडेच काम लागलं म्हणून बायको-मुलं आईकडे ठेवून माझ्या घराजवळ खोली घेऊन राहिला. हातमोजे मागितले की कंत्राटदार म्हणायचा, पुढच्या महिन्यात. दोन जोड्या चपला झिजल्या, पुढचा महिना काही उजाडला नाही.

खांबावर चढण्याआधी वीज बंद केल्याचं लेखी परमिट घ्यायचं असतं. ते कोण घेतो? उपकेंद्रात फोन करायचा, तिथला ऑपरेटर 'बंद केली' म्हणाला की चढायचं, अशी रीत पडलेली. त्या दुपारी गावाबाहेरच्या एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, काम होतं. त्या डीपीवरची घरं सकाळपासून बिनविजेची, आणि वीज कंपनीच्या साहेबांचा सारखा तगादा. ऑपरेटर 'करतो बंद' म्हणाला आणि नंतर फोनच उचलेना. माझं घर दुसऱ्या डीपीवर, पण मागून येणारी मोठी लाइन एकच. माझ्याकडची वीज गेली असेल तर त्याच्या डोक्यावरची तारही मेली, हे त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं. त्याने मला फोन लावला.

पहिल्या वेळी 'ताई' एवढंच ऐकू आलं आणि फोन तुटला. लगेच दुसऱ्यांदा वाजला.

"ताई, लाइन कटली का?"

मला वाटलं, आत्ता तुटलेल्या फोनचंच विचारून राहिला. मी म्हणाले, "हो, कटली."

"बरं," म्हणाला आणि ठेवून दिला. मी उत्तरपत्रिका तपासत होते. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. फोन कशासाठी केला होतास, हेही मी उलट विचारलं नाही. वरून चिडलेच, बोलायचं काही नव्हतं तर कामातून उठवायचं कशाला म्हणून.

अकोल्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपराच्या खालून काढला. बाहेर बाकावर त्याच्याबरोबर काम करणारा माणूस बसला होता. तो म्हणाला, कोणाला तरी फोन केला, 'कटली म्हनते' असं बोलला आणि चढला. कोणाला केला, हे त्याला माहीत नव्हतं. मला तिथेच सगळं उमगलं. मी त्याला चहा आणून दिला.

पुढे अकोल्यातच वीज कंपनीच्या कचेरीत चौकशी झाली. भावाला सही करता येत नव्हती म्हणून मी शेजारी बसले. ऑपरेटरने आधीच लिहून दिलं होतं, 'मला कोणाचा फोन आलाच नाही.' चौकशीच्या साहेबांनी भावाला विचारलं, लाइन बंद आहे हे तुला कोणी सांगितलं? तो थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोनंच नाई सांगतलं. मले वाटलं."

साहेबांचा चेहरा एकदम सैल पडला. खोटं बोलणारा ऑपरेटर सुटला, हातमोजे न देणारा कंत्राटदार सुटला, आणि मीही सुटले. बोलायला तोंड उघडलं असतं तर निदान फोनचा विषय निघाला असता, त्याच्या मोबाइलात ऑपरेटरला लावलेले फोन कोणीतरी बघितले असते. पण मला शाळा आठवली, सासर आठवलं, आईला काय वाटेल हे आठवलं. कारणं सगळी खरी होती आणि सगळी भिकार होती.

मी इंग्रजीची बाई आहे हे साहेबांना कळलं, तेव्हा त्यांनी वर पाठवायचा इंग्रजी अहवाल माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, जरा नजर टाका, आमच्या क्लार्कचं इंग्रजी कच्चं आहे. अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, असं त्यात होतं. निष्काळजीपणाचं स्पेलिंग चुकलं होतं. मी पर्समधून लाल पेन काढला आणि ते दुरुस्त केलं. सवयीने केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

त्या कागदावर त्याचं काम गेलं. तो चांदूर बाजारला आईकडे परत गेला. मी सणावाराला जायची, फळं न्यायची, भाच्यांच्या अभ्यासाचं विचारायची आणि संध्याकाळच्या गाडीने निघून यायची. मागच्या पोळ्याला आई आणि भावजय मुलांना घेऊन शेजारी गेल्या होत्या, आम्ही दोघंच जेवत होतो. तो आता डाव्या हाताने जेवतो. शेवटी मी विचारलं, तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?

त्याला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याने घास चावून संपवला.

"तू बाजूलेच बसली व्हती ना, ताई," तो म्हणाला. "मले वाटलं, तूच सांगशीन."