तळाला लागलेला जोलोफ

दुसऱ्याच्या वाढदिवसाचा भात वाचवायला गेले आणि मीच त्याची वाट लावली. तेव्हा मी साठीची, म्हणजे अगदीच अल्लड होते.

प्रताप नगरच्या आमच्या घरात वरच्या खोलीत नायजेरियाहून शिकायला आलेली मुलगी भाड्याने राहायची. आपल्या वाढदिवसाला मैत्रिणींना आईच्या हातचा वाटावा असा त्यांच्याकडचा जोलोफ भात खाऊ घालायचा, हा तिचा हट्ट. टोमॅटो-मिरचीचं वाटण परतून तिने त्यात तांदूळ शिजत ठेवले आणि, "आजी, गॅसकडे लक्ष ठेवा," म्हणून केक आणायला गेली.

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. मी कर्तबगार बाई, धावलेच! वरचा भात काढला, तळाचा काळा थर खरवडून फेकला, आणि मसालेभातावर घालतो तसं खोबरं-कोथिंबीरही पेरलं.

ती आली, भात हुंगला आणि म्हणाली, "आजी, तळ कुठे गेला?" धुरकट वास मुरावा म्हणून तिने तळ मुद्दाम लागू दिला होता. तिच्या आईच्या भाताला तोच वास असायचा.

मैत्रिणी यायच्या आत आम्ही दोघींनी पुन्हा कांदे चिरले. पातेलं चढल्यावर तिने माझी खुर्ची उचलून गच्चीत ठेवली आणि म्हणाली, "आजी, आता मी भात जाळून राहिली. कितीही वास आला तरी आत येऊ नका!"