करवंटीतलं वाण

पंच्याऐंशी सालच्या रथसप्तमीला, रत्नागिरीत, आमच्या आळीतल्या सवाष्णी एका बाईच्या ओटीवरून कुंकू लावून न घेता उठून गेल्या. पुन्हा त्या बाईला कुणीही हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तिचा गुन्हा काय, तर तिने वाण म्हणून भांडी घासायची राख दिली.

ती बाई म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. नाव छापत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

कुणी काही फेकलं की काकू कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "टाकलंस गो, पण पडलं कुठे?" आपण म्हणायचं, बाहेर. लगेच दुसरा प्रश्न यायचा, "बाहेर म्हणजे कुणाच्या घरात?"

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पर्यावरणाची पत्रकं वाटत हिंडायचे. पहिलं पत्रक मोठ्या ऐटीत काकूंना दिलं. त्यांनी ते उलटून पाहिलं. "एकच बाजू छापलीस? मागची काय उंदरांसाठी ठेवलीस?" पुढचं पत्रक आम्ही दोन्ही बाजूंनी छापलं. आमच्या मंडळाने खरोखर अमलात आणलेली ती एकमेव सुधारणा.

तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला, आंघोळीचं माडाला. जुन्या लुगड्याची आधी गोधडी, मग पायपुसणं, शेवटी चुलीजवळचं फडकं. कंजूष म्हणाल तर चुकाल. वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही.

त्या सुमाराला आळीत भांडी घासायची पावडर आली. मुंबईहून मुलगे आणायचे. तिचा फेस बघायला बायका एकमेकींच्या मोरीत जात! तोच फेस गटारातून उताराने खालच्या वाडीकडे जाई. आमची जमीन जांभ्याची, म्हणजे चाळणच. काकूंकडे नारळ सोलायला येणारी वाडीतली बाई एक दिवस म्हणाली, "काकू, आमच्या हिरीच्या पान्याला साबनाचा वास येतो."

काकू कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी नारळाच्या सोडणांची, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालांची, राख जुन्या धोतरातून चाळली, करवंट्यांत भरली आणि प्रत्येकीवर काथ्याची घासणी ठेवली. त्या वर्षी बाकीच्या घरांतून वाण म्हणून प्लास्टिकच्या साबणदाण्या वाटल्या जात होत्या.

मी आईबरोबर गेले होते. एकीने गंधाची पावडर समजून करवंटी हुंगली.

"काकू, हे काय हो?"

"राख. भांड्यांना. पावडरीने खालची विहीर नासतेय."

समोरच्या घरातल्या वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. "सणाच्या दिवशी सवाष्णीच्या हातात राख? आमच्या कुंकवावर उठलात काय?"

"अगो, राख नवऱ्याला फास म्हटलं नाही, पातेल्याला फास म्हटलं!"

आतून काका ओरडले, "मी बारा वर्षं राखेने घासलेल्या ताटात जेवतोय, अजून आहे हो!"

कुणी हसलं नाही. करवंट्या पायरीवर ठेवून सगळ्या निघून गेल्या. कुंकवाची कोयरी उघडीच राहिली.

मग काकूंनी दुसरा मार्ग काढला. गटार त्यांच्या घरामागच्या परड्याच्या कडेने जात होतं. तिथे त्यांनी काकांकडून खड्डा खणवून घेतला, त्यात सोडणं आणि वाळू भरली, आणि भोवती केळी लावल्या. सगळ्या आळीचा फेस तिथे अडायला लागला. दुसऱ्या वर्षी गणपतीत त्यांनी घरोघरी केळ्यांच्या फण्या धाडल्या. "घ्या हो, तुमच्याच मोरीच्या आहेत." लोकांनी घेतल्या. केळ्यांना विटाळ नव्हता.

आमंत्रण मात्र आलं नाही. दर रथसप्तमीला काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, कोयरी घेऊन दिवेलागणीपर्यंत ओटीवर बसत. मी आमच्या दगडी गडग्यावरून बघायचे. एका वर्षी वाडीतली ती बाई आली. काकूंनी तिला कुंकू लावलं, करवंटी दिली. तिने ती करवंटी कपाळाला लावली.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. काका हयात असताना गेल्या, म्हणून आळीतल्या बायका लगबगीने आल्या. त्यांची ओटी भरली, मळवट भरला. समोरच्या वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "सवाष्ण गेली हो. भाग्याची!" ज्या हातचं कुंकू यांनी नाकारलं, तो हात आता यांना अडवू शकत नव्हता. कोपऱ्यात काका बसले होते. कुणाकडे न बघता म्हणाले, "राखेने मी मेलो नाही, बरं का."

काका आता मुलाकडे ठाण्याला असतात. खड्डा बुजलाय, केळी आडव्या झाल्यात. फेस पुन्हा खाली चाललाय.

तुम्ही हे वाचून हळहळणार असाल, तर ती हळहळ मला नको. आज जेवणं झाली, भांडी घासली की आपल्या मोरीच्या पाण्यामागून चालत जा. ते जिथे मुरतं, त्याच्या खालचं पहिलं घर गाठा. तिथल्या बाईकडे तिच्या विहिरीचं तांब्याभर पाणी मागा.

आणि तिच्यासमोर प्या.