नावं संपेपर्यंत कोणी उठायचं नाही

दिल्लीच्या द्वारकेतली सगळ्यात मोठी चोर बुधवारी गेली.

दचकू नका. ही पदवी कुमुदमावशींनी स्वतःच स्वतःला दिली होती, आणि चारचौघांत मिरवलीही होती.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये उभा जन्म काढून, रिटायर होऊन त्या आमच्या सोसायटीत आल्या. तेव्हा इथे निम्मे फ्लॅट रिकामे होते, मेट्रो नवीकोरी होती आणि मराठी ऐकायचं तर पुण्याला फोन लावावा लागे.

मराठी सिनेमा? तो इकडे लागायचाच नाही.

मग मावशींनी ब्रॉडबँड घेतलं, डाउनलोड करायला शिकल्या आणि सीडी बर्न करू लागल्या. प्रत्येक सीडीवर स्केचपेनने सिनेमाचं नाव. सोबत डब्यातून चकल्या. अख्खं महाराष्ट्र मंडळ त्यांचं गिऱ्हाईक.

मी तेव्हा गुडगावच्या नोकरीसाठी नुकतीच पुण्याहून आले होते. एकदा धीर करून विचारलं, "मावशी, हे illegal आहे ना?"

"बिल्कुल आहे. चकली घे."

दर संक्रांतीला आमचं मंडळ बस करून पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातं. त्या वर्षी तिथे मुंबईहून एक दिग्दर्शक आले होते. त्यांचा सिनेमा आम्ही सगळ्यांनी मावशींच्या सीडीवर पाहिलेला. मावशींनी त्यांना तिथेच गाठलं. "साहेब, संध्याकाळी द्वारकेला चला. तिळगूळ घेतल्याशिवाय सोडणार नाही."

बिचारे आले.

सोसायटीच्या हॉलमध्ये शाल, श्रीफळ, आणि मग मावशींचं भाषण. त्या सिनेमात एक बाप भांडून घर सोडलेल्या लेकीच्या दाराशी येतो, बेल वाजवतो, आणि संपलं. यावर आमच्याकडे घरोघरी चर्चा झडल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "दार उघडलं की नाही, हे प्रेक्षकांवर सोडायला छाती लागते!"

टाळ्या.

आणि त्यांनी ती सीडी पुढे केली. सही घ्यायला.

दिग्दर्शकांनी सीडीकडे पाहिलं, मग मावशींकडे. शांतपणे म्हणाले, "ताई, दार उघडतं. खरा सिनेमा त्याच्यानंतरच आहे."

मावशींनी सीडी उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे आमची कॉपी अर्धीच?"

"अर्धी आणि चोरीची. ते दार आमच्या सुताराने जीव ओतून बनवलं होतं. त्याचं नाव शेवटी येतं. ते तुम्ही कोणी वाचलंच नसणार."

आम्ही सगळे सतरंजीच्या रेघा बघत बसलो. मावशी नाही.

"चोरी केली, मान्य," त्या म्हणाल्या. "तुमची माफी मागते. पण साहेब, दुकान तुम्ही उघडलंच नाहीत. आम्ही घ्यायचं कुठून?"

"दिल्लीत मराठी बघायला कोण येणार हो?"

"थिएटर भरून दाखवलं तर?"

"तर पाठवतो सिनेमा."

मग काय! मावशींनी पदर खोचला. दारोदार फिरल्या. "पाहिलाय? मग तर यायलाच हवं. तुझं तिकीट थकलंय!" नव्या मॉलमध्ये रविवारी सकाळचा शो ठरला. मराठीपेक्षा हिंदी जास्त समजणारी पोरंसुद्धा ओढून आणली गेली.

थिएटर भरलं. बापाने बेल वाजवली. आणि दार उघडलं.

पुढे काय होतं ते सांगत नाही, पण मी ढसाढसा रडले. शेजारी मावशी माझ्याहून जास्त.

नावं सुरू झाली तशी मंडळी पार्किंगची गर्दी टाळायला उठू लागली. मावशी कडाडल्या, "बसा खाली! ज्यांचं चोरलंत त्यांची नावं तरी वाचा!"

सगळे बसले. सुताराचं नाव आलं तेव्हा मावशींनी एकट्यांनी टाळी वाजवली. मग आम्ही सगळ्यांनी.

त्या दिवसापासून डाउनलोड बंद. उरलेल्या सीड्या त्यांनी कबुतरं पळवायला बाल्कनीत टांगल्या. मंडळाचे रविवारचे शो सुरू झाले, आणि नियम एकच: नावं संपेपर्यंत कोणी उठायचं नाही.

संतबिंत झाल्या नाहीत हं. भाचीचा OTT पासवर्ड अखेरपर्यंत वापरला. "घरातल्या घरात चालतं गं," हे त्यांचं कायद्याचं ज्ञान.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटायला गेले. या रविवारच्या सिनेमाची चोरीची लिंक कुणीतरी ग्रुपवर टाकली होती. त्यांना थिएटरला येणं जमणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी म्हटलं, "मावशी, फोनवर लावू का? आजच्या दिवस चालेल."

"शेवट आहे का त्याला?"

"असेल."

"असेल म्हणजे काय! राहू दे. अर्धवट पाहून नाही जायचं मला." थोडा दम खाऊन म्हणाल्या, "तू जा रविवारी. शेवटपर्यंत बस."

त्या गेल्यावर कुणीतरी म्हणालं, शो कॅन्सल करू या. मी साफ नाही म्हटलं. आणि ग्रुपवरची ती लिंक काढून टाकली.

आज शो झाला. थिएटर भरलेलं होतं. ज्यांनी लिंकवर आधीच पाहिला होता तेही तिकीट काढून आले होते. चेहऱ्यावरून कळत होतं.

नावं सुरू झाली. एकही माणूस उठला नाही. झाडू घेऊन आत आलेला सफाईवाला आमच्याकडे बघत थांबला.

लाइट, मेकअप, ड्रायव्हर, चहावाले. सगळी वाचली.

मावशी, त्यात तुमचं नाव नव्हतं. म्हणून ते इथे लिहिते.

प्रेक्षक: कुमुद दातार.

आता उठतो आम्ही.